बंदूक, घर आणि भीती: कलाकृती बघताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालयांत, कॉलेजांत, कधी अमेरिकेतल्या मराठी मंडळींसमोर मी बंदुकीवरच्या कलाकृतींच्या स्लाइड दाखवते आणि त्यावर बोलते. शेवटची स्लाइड संपून दिवे लागले की प्रश्न सुरू होतात, आणि गाव कुठलंही असलं तरी बरेचसे तेच असतात. दर वेळी घाईघाईत उत्तर देते आणि घरी परतताना वाटतं, अर्धं राहूनच गेलं. म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

हा विषय अमेरिकेचाच का मानला जातो? बंदुका तर सगळीकडे आहेत.

बंदुका सगळीकडे आहेत, पण बंदूक बाळगणं हा अमेरिकेत घटनेने दिलेला हक्क आहे. १७९१ साली मंजूर झालेली दुसरी घटनादुरुस्ती म्हणजे मूळ इंग्रजीत २७ शब्दांचं एकच वाक्य. त्यात आधी शिस्तबद्ध नागरी सेनेचा उल्लेख येतो आणि मग शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा. सुरक्षितता हा शब्दही त्याच वाक्यात आहे, पण ती स्वतंत्र राज्याची सुरक्षितता. मग हा हक्क सेनेपुरता की एकट्यादुकट्या माणसाचासुद्धा, हा वाद फार जुना. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की माणसाला स्वतःच्या घरात, स्वसंरक्षणासाठी, पिस्तूल ठेवण्याचा हक्क आहे. खटला वॉशिंग्टन शहरातल्या पिस्तूलबंदीचा होता. २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी हाच हक्क घराच्या उंबरठ्याबाहेर गेला.

‘घरात’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो सारखा येणार आहे.

आकड्यांचं म्हणाल तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे शंभर माणसांमागे १२० च्या वर. भारताचा अंदाज ७ कोटी ११ लाखांचा, म्हणजे शंभरामागे पाच-सव्वापाच.

तिथले लोक बंदूक ठेवतात तरी कशासाठी?

शिकार, नेमबाजी, वडिलांची आठवण, छंद, अशी कारणं आहेत. पण प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हे मोठं कारण सांगितलं, आणि बंदुकीमुळे आपल्याला जास्त सुरक्षित वाटतं असं ८१ टक्के म्हणाले.

आता दुसरी बाजू. २०२१ साली अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने मेली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक, २६,३२८, आत्महत्या होत्या. म्हणजे कपाटातलं पिस्तूल चोरावर रोखलं जाण्याआधी घरातल्याच कुणाच्या तरी वाईट रात्री हाताशी येतं. घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

सुरक्षित असणं आणि सुरक्षित वाटणं यांत हे एवढं अंतर आहे. आकडे ते मोजून दाखवतात. त्या अंतरात राहणारा माणूस कसा दिसतो, त्याच्या खोलीत काय काय आहे, हे दाखवणं चित्रकाराचं आणि छायाचित्रकाराचं काम.

सुरुवात कुठल्या चित्रापासून करावी?

ज्या चित्रात बंदूकच नाही, तिथून. नॉर्मन रॉकवेलचं ‘भीतीपासून मुक्ती’ हे चित्र मार्च १९४३ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात छापून आलं. रात्रीची वेळ, एका पलंगावर दोन मुलं झोपलेली, आई पांघरूण सारखं करते आहे, वडील बाजूला उभे. वडिलांच्या हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, त्यावर बाँबहल्ल्यांचा मथळा. जमिनीवर एक बाहुली पडलेली. युद्ध समुद्रापलीकडे आहे आणि इथे मुलं गाढ झोपली आहेत.

चित्रामागे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं जानेवारी १९४१ मधलं भाषण आहे. भीतीपासून मुक्ती म्हणजे काय, हे सांगताना त्यांनी जगभर शस्त्रं कमी करण्याचा अर्थ दिला होता. आज त्याच देशात झोपलेल्या मुलांसाठीच शस्त्र हवं, असं लाखो आईबाप मनापासून मानतात. हे चित्र आधी नीट बघून घेतलं की पुढची सगळी छायाचित्रं वेगळी दिसू लागतात. मला तरी तसं झालं.

बंदूक बाळगणाऱ्यांची बाजू कुणी मांडली आहे का? की सगळे कलाकार विरोधातच?

काइल कॅसिडी या अमेरिकन छायाचित्रकाराने देशभर फिरून बंदूकधारकांचे त्यांच्याच घरात फोटो काढले. २००७ साली त्याचं पुस्तक आलं. प्रत्येकाला त्याने एकच प्रश्न विचारला: तुम्ही बंदूक का ठेवता? उत्तर फोटोशेजारी, त्यांच्याच शब्दांत. या फोटोंत सोफे आहेत, पुस्तकांची कपाटं आहेत, कुत्री आहेत, मांडीवर मांजरं आहेत. कुणी टिंगल करत नाही, कुणी पाठ थोपटत नाही. दिवाणखान्याच्या मधोमध माणूस बसलेला आणि हातात रायफल, आपण जसं पाहुण्याला नातवाचा फोटो दाखवतो तशी.

मी हे फोटो दाखवते तेव्हा लोकांना सांगते, एक मिनिट बंदुकीकडे बघू नका, घर बघा. पडदे ओढलेले आहेत की उघडे? खिडकी कुठे आहे? माणूस दाराकडे तोंड करून बसला आहे का? एकदा साताऱ्याकडच्या एका छोट्या वाचनालयात मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, “हिच्या घरात दुसरी खुर्चीच नाही.” मी तो फोटो तोवर पन्नासदा पाहिला असेल. मला ती खुर्ची दिसली नव्हती, म्हणजे तिचं नसणं दिसलं नव्हतं. त्यानंतर त्या बाईच्या हातातली बंदूक मला पूर्वीसारखी दिसलीच नाही.

इटालियन छायाचित्रकाराचे ते बंदुकांच्या रांगोळीसारखे फोटो बाजूचे की विरोधातले?

गाब्रिएले गालिंबेर्तीची ‘अमेरिगन्स’ ही मालिका. तिला २०२१ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचं व्यक्तिचित्र विभागातलं पारितोषिक मिळालं. माणसं आपापल्या घरात, अंगणात, पोहण्याच्या तलावाकाठी उभी किंवा बसलेली, आणि त्यांच्याभोवती त्यांच्या साऱ्या बंदुका मोजूनमापून मांडलेल्या. रांगोळीची उपमा प्रेक्षकांनीच दिली आणि ती चपखल आहे.

याच गालिंबेर्तीने आधी जगभरच्या मुलांचे फोटो काढले होते, भोवती त्यांची खेळणी अशीच मांडून. मांडणी तीच, वस्तू बदलली. दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या की त्याचं म्हणणं कळतं: तुझं जे काही आहे ते सगळं बाहेर काढ आणि त्याच्या मधोमध बस. बाजूचे की विरोधातले, हा प्रश्न मला या फोटोंपुढे तोकडा वाटतो. त्यातल्या माणसांना स्वतःचे फोटो आवडू शकतात, अभिमानाने भिंतीवर लावावेसे वाटू शकतात. बघणाऱ्याला त्याच फोटोने धडकी भरू शकते. एकाच घराकडे बघून एकाला निर्धास्त वाटतं आणि दुसऱ्याला धास्ती, हाच तर अमेरिकेतल्या या भांडणाचा गाभा आहे.

मात्र माझी एक तक्रार आहे. इतक्या बंदुका असलेली माणसं सगळ्या बंदूकधारकांसारखी नसतात. परसातल्या फडताळात एकच जुनी बंदूक असलेला शेतकरी या मालिकेत येत नाही. तो कॅसिडीकडे भेटतो, म्हणून मी दोन्ही एकत्र दाखवते.

संग्रहालयात कागदांचा गठ्ठा ठेवला होता आणि लोक त्यातले कागद घेऊन जात होते. ती कला कशी?

फेलिक्स गोन्झालेस-तोरेसची १९९० ची कलाकृती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. जमिनीवर मोठ्या कागदांचा गठ्ठा, उंची साधारण एक वीत. प्रत्येक कागदावर तेच छापलेलं: १ ते ७ मे १९८९ या एका आठवड्यात अमेरिकेत बंदुकीने मेलेल्या साडेचारशेहून अधिक माणसांचे लहान लहान फोटो, नाव, वय, गाव आणि काय घडलं याच्या एक-दोन ओळी. माहिती एका साप्ताहिकाने गोळा केली होती. खून, अपघात, आत्महत्या, सगळं एकत्र.

ज्याला हवा त्याने कागद न्यावा. गठ्ठा कमी झाला की संग्रहालय पुन्हा छापून भर घालतं. म्हणजे हा गठ्ठा संपत नाही, आणि तो का संपत नाही हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी एक कागद आणला आहे. गुंडाळी करून, विमानात मांडीवर धरून. घरी आणल्यावर प्रश्न पडला, लावायचा कुठे? बैठकीत लावला तर येणारा-जाणारा विचारणार. कपाटात घडी करून ठेवायला मन होईना, कारण घडी बरोबर चेहऱ्यांवरून जात होती. शेवटी पलंगाखाली सपाट ठेवला. तेव्हापासून माझ्या घरात ती साडेचारशे माणसं आहेत. कागद घरी नेऊ देण्यामागे कलावंताला हेच हवं होतं, असं मला वाटतं: तुमच्या घरात यांना जागा करा.

काचेच्या घरांबद्दल सांगा.

मॅस डिझाइन ग्रुप हे वास्तुविशारद आणि हँक विलिस थॉमस हा कलावंत यांनी मिळून केलेलं हे स्मारक २०१९ मध्ये शिकागोच्या वास्तुकला द्वैवार्षिकात पहिल्यांदा उभं राहिलं आणि २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल बिल्डिंग म्यूझियममध्ये गेलं. थॉमसच्या नात्यातल्या एका भावाचा २००० साली फिलाडेल्फियात गोळी घालून खून झाला, तेव्हापासून हा विषय त्याने सोडलेला नाही.

चार घरं. लहान मूल चित्र काढतं तशी, उतरत्या छपराची. प्रत्येक घर ७०० काचेच्या विटांचं, कारण तेव्हा अमेरिकेत सरासरी एवढी माणसं दर आठवड्याला बंदुकीने मरत होती. विटा पोकळ आहेत. गेलेल्या माणसाची एखादी वस्तू घरच्यांनी दिली की ती विटेत ठेवतात, सोबत नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. काही विटा रिकाम्या.

आत जाता येतं. मी आत गेले तेव्हा आधी कळेना की पाहायचं कुठे, कारण भिंतच सगळी पाहण्याची. मग डोळ्यांच्या पातळीवर लहान मुलाचे बूट दिसले. पदवीदानाच्या टोपीचा गोंडा दिसला. आणि त्या वस्तूंच्या आरपार बाहेर चालणारे लोक दिसत होते, पाठीला पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या. घरात आडोसा असतो. या घरात आडोसा नाही. ज्या शहराच्या पिस्तूलबंदीवरून घरातल्या बंदुकीचा हक्क ठरला, त्याच शहरात हे घर उभं होतं. सगळ्या कलाकृतींत मला ही सर्वांत मोठी वाटते, आणि हे मी विचार करून म्हणते आहे.

त्या गाठ मारलेल्या पिस्तुलाचं काय? ते तर सर्वांत प्रसिद्ध आहे.

डिसेंबर १९८० मध्ये जॉन लेननचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला, त्यानंतर स्वीडिश शिल्पकार कार्ल फ्रेड्रिक रॉयटर्सव्हर्ड याने ते केलं. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या आवारातलं शिल्प लक्झेंबर्गने १९८८ मध्ये भेट दिलं. ठसठशीत आहे, मुलांनाही लगेच कळतं. पण ज्याला भीती वाटते म्हणून तो बंदूक घेतो, त्याच्याशी हे शिल्प बोलत नाही. त्यामुळे मी ते दाखवते आणि पुढे जाते.

बंदुका वितळवून वस्तू करतात, त्याने काय साधतं?

मेक्सिकोच्या कुलियाकान शहरात पेद्रो रेयेस या कलावंताने २००८ मध्ये लोकांना आवाहन केलं: बंदूक आणून द्या, घरगुती उपकरणांसाठी कुपन न्या. १,५२७ बंदुका जमल्या. त्या रोलरखाली चिरडल्या, भट्टीत वितळवल्या आणि त्यांची १,५२७ फावडी केली, तितकीच झाडं लावायला. २०१२ मध्ये त्याला जप्त करून मोडलेली आणखी ६,७०० शस्त्रं मिळाली आणि त्यांतून त्याने वाद्यं बनवली. मेक्सिकोत बंदुकीची कायदेशीर दुकानं अगदी मोजकी, आणि तीही लष्कराच्या ताब्यात. आणि तिथे गुन्ह्यांत सापडलेल्या, माग काढता आलेल्या बंदुकांचा मोठा भाग अमेरिकेतून आलेला असतो. शेजाऱ्याचा हक्क कुंपण ओलांडून येतो, तो असा.

मोझांबिकमध्ये यादवी १९९२ साली संपली आणि १९९५ पासून तिथल्या चर्चच्या परिषदेच्या पुढाकाराने लोक शस्त्रं देऊन नांगर, सायकली, शिलाई यंत्रं घेऊ लागले. त्या शस्त्रांच्या तुकड्यांची केस्टर या शिल्पकाराने २००१ मध्ये एक खुर्ची केली. ती आता ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. तिच्यातली एकही बंदूक आफ्रिकेत बनलेली नाही.

साधतं काय? १,५२७ बंदुका म्हणजे समुद्रातला थेंब, हे खरं. पण कितीतरी घरांत, कुपन हातात घेऊन, कुणीतरी ‘आता ही नको’ असं ठरवलं. बायकोशी बोलून ठरवलं असेल, आईच्या आग्रहाने ठरवलं असेल. ते बोलणं झालं, हे मला फावड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

स्वतःच्या हातावर गोळी झाडून घेणारा कलावंत, हे खरं आहे?

खरं आहे. क्रिस बर्डन, १९ नोव्हेंबर १९७१, कॅलिफोर्नियातलं सांता आना. मित्राने रायफलमधून त्याच्या डाव्या दंडावर गोळी झाडली. ओरखडा निघेल एवढाच बेत होता, गोळी मांसातून गेली. व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते, घराघरांत टीव्हीवर गोळीबार दिसत होता. मला त्यात धाडसापेक्षा आजूबाजूला उभ्या असलेल्या मित्रांचं गप्प राहणं जास्त बोचतं. शाळकरी मुलांना मी हे दाखवत नाही.

काळ्या अमेरिकनांसाठी हा हक्क तसाच आहे का?

कागदावर तसाच. १९६७ मधला ह्यूई न्यूटनचा फोटो बघा: उंच पाठीच्या वेताच्या खुर्चीत ब्लॅक पँथर पक्षाचा हा नेता बसलेला, एका हातात रायफल, दुसऱ्या हातात भाला. आमच्या वस्तीचं संरक्षण आम्ही करू, असं सांगणारा तो फोटो होता आणि तो भिंतीभिंतींवर लागला. त्याच वर्षी मे महिन्यात पँथर बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले, आणि त्याच वर्षी भरलेली बंदूक घेऊन सार्वजनिक जागी फिरायला त्या राज्यात बंदी आली. कायद्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची.

२०१४ साली क्लीव्हलँडच्या बागेत टामिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातलं पिस्तूल घेऊन होता. पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत त्यांनी गोळी झाडली. ज्या ओहायो राज्यात हे घडलं, तिथे मोठ्या माणसाला खरी बंदूक उघडपणे घेऊन फिरता येतं. तो जिथे होता तो बागेतला लाकडी मांडव पाडला जाणार होता. टामिरच्या आईला तो टिकायला हवा होता. थिएस्टर गेट्स या कलावंताच्या संस्थेने तो सुटा करून शिकागोला नेला आणि २०१९ मध्ये पुन्हा उभा केला. छप्पर आणि त्याचे खांब. यात कलावंताने घडवलं काहीच नाही. फक्त मोडू दिलं नाही.

मग दिवाळीत मुलांना टिकल्यांचं पिस्तूल द्यावं का?

हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी आया हमखास विचारतात आणि हसत विचारत नाहीत. इथे देशात आपण दारात लाल टिकल्यांची गुंडाळी भरून ठो-ठो करत वाढलो, त्या जळक्या वासासकट. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिथल्या शाळांत दर महिन्याला आगीच्या सरावासारखाच सुरक्षेचा आणखी एक सराव होतो. बंदूकधारी शाळेत घुसला तर काय, याचा सराव असला की दार लावून, दिवा मालवून, कोपऱ्यात गप्प बसायचं. भाची सात वर्षांची असताना मी पुण्याहून नेलेलं पिस्तूल तिने हातात घेतलं, टिकली उडवली, आणि लगेच धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला. आम्ही काहीच बोललो नाही. ते पिस्तूल मी परत आणलं.

आपल्याकडे बंदुकीच्या हक्काची मागणी कधी झालीच नाही का?

झाली होती, आणि जोरात. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली, गोऱ्यांना सूट दिली. साऱ्या राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा म्हणजे ब्रिटिश राजवटीचं सर्वांत काळं कृत्य, असं गांधीजींनी लिहिलं होतं. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता.

पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिलं. ती मागणी परक्या सत्तेच्या काळातली होती, आता राज्य आपलं आहे आणि शस्त्रांवर नियंत्रण त्याच्याकडे हवं, असा त्यांचा रोख होता. आग्रह धरायचाच तर तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असंही ते म्हणाले. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५९ चा कायदा परवान्याचा आला, आणि २०१९ च्या बदलानंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका.

अमेरिकेतल्या त्या छायाचित्रांच्या मालिका बघताना मला ही चर्चा आठवते. तीच वस्तू, आणि दोन देशांनी तिच्यावर लिहिलेली दोन वाक्यं. या वादावर आपल्या चित्रकारांनी काम करावं असं मला फार वाटतं.

अशा कलेने कायदा बदलतो का?

मला तसं दिसलेलं नाही. टेक्ससमधल्या युवाल्डी गावात २४ मे २०२२ रोजी शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. महिन्याभरात एक केंद्रीय कायदा झाला, पण तो दुःखाच्या आणि राजकारणाच्या रेट्याने झाला. चित्रं नंतर आली. एबल ऑर्टिस या तिथल्याच कलाशिक्षकाच्या पुढाकाराने टेक्ससमधल्या चित्रकारांनी गावातल्या भिंतींवर २१ चित्रं रंगवली, प्रत्येकासाठी एक. आधी घरच्यांशी बसून बोलले: तिला काय आवडायचं, त्याचा आवडता रंग कुठला. त्या गावात आता किराणा आणायला जाताना आई आपल्या मुलाला भेटते. हे कायद्याचं काम नाही, आणि कायदा ते करूही शकत नाही.

तुमच्या स्वतःच्या घरी बंदूक आहे का?

आजोळी होती. कुडाळजवळ, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, ठासणीची. रानडुकरं आणि माकडं हाकायला. माजघराच्या दारावर दोन खुंट्यांना आडवी टांगलेली असायची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची, तशी ती एकदा गेली आणि आजोबांच्या आजारपणात परत आणायची राहून गेली. मी आजीला विचारलं होतं, आता रात्री भीती नाही का वाटत? ती म्हणाली, ती होती तेव्हा ते झोपायचे आणि मी जागी असायची, पोरं हात लावतील म्हणून.

भिंत चुलीच्या धुराने काळवंडली होती. बंदूक उतरवल्यावर तिच्या जागी तिच्याच आकाराचा एक फिकट पट्टा राहिला, वर दोन खुंट्या. घर विकण्याआधी मी त्याचा फोटो काढून ठेवला. माझ्या कार्यक्रमातली पहिली स्लाइड तीच असते, आणि मी काही बोलायच्या आत कुणीतरी विचारतंच, “इथे काय होतं?”